३९० ड्यूक की स्पीड ४००? सातारा शहर, हायवे आणि घाट असा वापर

संगममाहुली :
नमस्कार मंडळी. नवीन गाडी घ्यायची आहे आणि यादी दोनवर आली आहे. केटीएम ३९० ड्यूक, म्हणजे सप्टेंबर २०२३ मध्ये आलेली तिसरी पिढी, आणि ट्रायम्फ स्पीड ४००. वापर असा: रोज माहुलीहून एमआयडीसी, वाटेत पोवई नाक्याची गर्दी. आठवड्यातून एकदा कराड. अधूनमधून कास, ठोसेघर किंवा पसरणी घाटाने पाचगणी. रोज एकटा, सुट्टीला मागे बायको. उंची पाच फूट सहा, वजन ७० किलो, आत्ताची गाडी १५० सीसी. बजेट ऑन रोड पावणेचार लाख, हेल्मेट आणि जॅकेट त्यातच बसवायचंय.
टॉप स्पीडचे व्हिडिओ भरपूर पाहून झाले. मला हवंय ते वेगळं: तिसऱ्या गियरमध्ये पस्तीसला गाडी कशी ओढते, खराब रस्त्यावर मागचं सस्पेन्शन कसं वागतं, आणि पाच वर्षांत पैसे कुठे जातात.

घाटवाट :
आधी आकडे नीट करून घेऊ, कारण नेटवर जुने-नवे एकत्र फिरतात.
ड्यूक: ४६ पीएस (ताकद) ८५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), ३९ एनएम (टॉर्क, म्हणजे ओढ) ६५०० ला, पेट्रोल भरून १६८ किलो, टाकी १५ लिटर, पुढची डिस्क ३२० मिमी.
स्पीड: ४० पीएस ८००० ला, ३७.५ एनएम ६५०० ला, टाकी १३ लिटर, पुढची डिस्क ३०० मिमी. जुलै २०२३ ची पहिली गाडी १७६ किलोची होती, सप्टेंबर २०२४ मध्ये बदल झाल्यावर १७९.
दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८९ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६४ मिमी, आणि दोन्ही बजाजच्या चाकणच्या कारखान्यात तयार होतात. म्हणून "इंजिन एकच, टाकी वेगळी" असं कोणी ना कोणी सांगेलच. ते चूक आहे. एका वेळी सिलिंडरमध्ये मावणारी हवा सारखी, पण हेड, कॅम, क्रँकचं वजन आणि मॅपिंग (इंधन आणि स्पार्कचं सेटिंग) वेगळं. ट्रायम्फने क्रँकला जास्त जडत्व ठेवलंय, त्यामुळे कमी आरपीएमला फिरणं सलग राहतं. ड्यूकचं इंजिन हलक्या हाताने वर चढतं आणि खरी ताकद ६००० च्या पुढे देते.
तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच फरकात आहे. तिसऱ्याला पस्तीस म्हणजे तीन-साडेतीन हजार आरपीएम. तिथे स्पीड थ्रॉटल उघडला की गुरगुरत पुढे सरकते. ड्यूक तिथे चालते, बंद पडत नाही, पण चेन झटकते आणि हात आपोआप दुसरा गियर मागतो. दुसऱ्यात टाकली की मग स्पीड तिच्या आसपासही येत नाही.
पीएसला वजनाने भागलं तर ड्यूक टनाला २७४, नवी स्पीड २२३. दोन माणसं बसवून १३५ किलो धरले तरी फरक साधारण १९ टक्के उरतो. हा फरक खंबाटकी चढताना ट्रक ओलांडायला दिसेल, पोवई नाक्यावर नाही.

वाळवा_एक्स्प्रेस :
घाटवाट यांच्याशी इंजिनाबद्दल सहमत. सस्पेन्शनवर मी लिहितो, कारण आमच्या सांगली जिल्ह्यात गाडीची खरी परीक्षा तिथेच होते.
ड्यूकला पुढे-मागे १५० मिमी ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वर-खाली जायला तेवढी जागा. पुढच्या फोर्कमध्ये एका पायात कॉम्प्रेशन (दबण्याचा वेग) आणि दुसऱ्या पायात रिबाउंड (परत वर येण्याचा वेग), प्रत्येकी पाच क्लिक, वरच्या टोपीवर हातानेच फिरतात. मागे प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) आणि रिबाउंड. स्पीडला पुढे १४० आणि मागे १३० मिमी, आणि बदलता येतो फक्त मागचा प्रीलोड.
म्हणजे ड्यूक चांगली असा अर्थ लगेच काढू नका. स्पीडचं सस्पेन्शन कंपनीतूनच मऊ येतं. त्यात २०२४ च्या बदलात टायर उंच केले: पुढे ११०/७० च्या जागी ११०/८०, मागे १५०/६० च्या जागी १५०/७०. टायरची बाजूची भिंत पुढे ७७ वरून ८८ मिमी झाली, मागे ९० वरून १०५. खड्ड्याची धार आधी ही जादा रबराची भिंत खाते, मग शॉकअबपर्यंत येते. त्यामुळे २०२३ च्या स्पीडवर बसून "कडक आहे" असं मत बनलं असेल तर ते नव्या गाडीला लावू नका. आणि टायर बदलायची वेळ आली की दुकानदार "१५०/६० लगेच मिळतो" म्हणेल, तो घालू नका. मागची बाजू १५ मिमी खाली बसते, वळायला गाडी जड होते आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या घेराचं प्रमाण बिघडतं. एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय) हिशेब त्याच प्रमाणावर चालतो.

संगममाहुली :
दोघांचेही आभार. ड्यूकवर क्लिक आहेत ते ठीक, पण ते नेमके कसे लावायचे? शोरूमवाले "कंपनी सेटिंगवरच ठेवा" म्हणतात.

वाळवा_एक्स्प्रेस :
कंपनी सेटिंग कंपनीने धरलेल्या वजनाला असतं, ते तुमच्याशी जुळेलच असं नाही. तीन माणसं आणि मोजपट्टी लागते.
मागच्या ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर टेलपीसवर पेन्सिलची खूण करा. गाडी उचलून मागचं चाक मोकळं लोंबू द्या आणि ॲक्सल ते खूण हे अंतर मोजा. मग गाडी खाली घ्या, तुम्ही जॅकेट-हेल्मेट घालून नेहमीसारखे बसा, पाय फूटरेस्टवर, एकाने हँडल धरायचं, दुसऱ्याने मोजायचं. दोन अंतरांतला फरक म्हणजे रायडर सॅग. तो एकूण ट्रॅव्हलच्या चौथ्या हिश्श्यापासून ३० टक्क्यांपर्यंत हवा. ड्यूकला ३८ ते ४५ मिमी, स्पीडला ३३ ते ३९. जास्त आला तर प्रीलोड एक पायरी वाढवा, पुन्हा मोजा. बायको मागे बसली की पुन्हा मोजायचं आणि त्या दिवसासाठी किती पायऱ्या वाढवायच्या ते वहीत लिहून ठेवायचं. घरी परतलं की मागे न्यायला विसरू नका, नाहीतर सोमवारी एकट्याला मागचं चाक टणाटण उडतंय असं वाटेल.
सॅग बसल्यावर रिबाउंड. सीट जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली की बरोबर. वर येऊन पुन्हा खाली डुलली तर एक क्लिक वाढवा. रेंगाळत वर येत असेल तर कमी करा, कारण लागोपाठच्या खड्ड्यांत शॉकअब वर यायच्या आत पुढचा धक्का बसतो आणि गाडी दबतच जाते. काँक्रीट रस्त्याच्या जोडांवर हे लगेच कळतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, तीही एकच क्लिक. सुरुवातीला सगळे स्क्रू पूर्ण बंद करून किती क्लिकवर होते ते मोजून ठेवा, म्हणजे परतीची वाट राहते.
स्पीडला ही कटकट नाही आणि ही सोयही नाही. ७० किलोच्या माणसाला तिचं मूळ सेटिंग बरं बसतं. शंभर किलोचा माणूस आणि मागे अजून एक असेल तर स्पीडवर प्रीलोड पूर्ण आवळूनही स्पीडब्रेकरला मागची बाजू बसण्याची शक्यता राहते.

येरळा :
सीटच्या उंचीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. स्पीडची सीट ७९० मिमी असं सगळीकडे सापडतं, पण टायर उंच झाल्यावर आणि सीटचा फोम वाढवल्यावर ती ८०३ झाली. ड्यूकची ८००, ती ८२० पर्यंत वाढवता येते. म्हणजे आता दोन्ही सारख्याच. पाच-सहाला दोन्हींवर दोन्ही पायांचे चवडे टेकतात. फरक सीटच्या रुंदीत आहे. ड्यूकची सीट टाकीजवळ अरुंद आहे, पाय सरळ खाली जातो. स्पीडची रुंद आहे, मांडी थोडी बाहेर जाते. शोरूममध्ये सपाट फरशीवर बसून ठरवू नका. गाडी उताराकडे तोंड करून उभी करा आणि बसल्या बसल्या पायाने मागे ढकलून बघा. सातारा शहर सगळं चढउताराचं आहे, राजवाड्याच्या बाजूला पार्किंगमधून गाडी काढताना हेच करावं लागणार.
आणि मागे बसणाऱ्या माणसाला टेस्ट राइडला सोबत न्याच. ड्यूकची मागची सीट छोटी आणि उंच, फूटरेस्टही वर, त्यामुळे गुडघे दुमडलेले राहतात आणि ब्रेक मारला की सगळं वजन पुढच्याच्या पाठीवर येतं. स्पीडची मागची जागा रुंद आणि सपाट. साताऱ्याहून कराड पन्नासेक किलोमीटर, तेवढं ड्यूकवरही निभावेल. कोल्हापूरला जायचं म्हटलं की मागच्याचं मत महत्त्वाचं ठरतं. साडी नेसून एका बाजूला पाय टाकून बसायचं असेल तर दोन्हीही गैरसोयीच्या आहेत, हेही आत्ताच समजून घ्या.

मिरज_जंक्शन :
पैशाचं मी सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्यावरच्या गाड्यांवर आधी सेस धरून ३१ होता, तो ४० झाला. तुमच्या दोन्ही गाड्या ३९८ सीसीच्या, म्हणजे ४० च्या गटात. त्यामुळे जुन्या व्हिडिओतला ऑन रोड आकडा धरू नका. ड्यूक २०२३ मध्ये ३ लाख ११ हजारांना आली होती, २०२५ च्या सुरुवातीला २ लाख ९५ हजारांवर आणली होती. स्पीड २ लाख ३३ हजारांना आली होती. हे सगळे एक्स शोरूम, आणि सगळे जुने. आजचा दर शोरूमच्या शिक्क्याच्या कागदावर घ्या.
हिशेब कसा करायचा ते दाखवतो. गोल आकड्यात एक गाडी ३ लाख, दुसरी अडीच लाख धरू. महाराष्ट्रात ३०० सीसीच्या वरच्या पेट्रोल दुचाकीला एकरकमी कर १२ टक्के. तीन लाखांवर ३६,००० आणि अडीच लाखांवर ३०,०००. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा सक्तीचा. २०२२ च्या दरपत्रकात ३५० सीसीच्या वर तो १५,११७ रुपये, १८ टक्के जीएसटी धरून १७,८३८. हा दोन्ही गाड्यांना सारखाच.
म्हणजे पहिली ३,५३,८३८ वर गेली आणि दुसरी २,९७,८३८ वर. यात अजून स्वतःच्या नुकसानीचा विमा, १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आणि रजिस्ट्रेशन फी यायची आहे. तुमच्या पावणेचार लाखांतून पहिल्या गाडीला उरतात २१ हजार, दुसरीला ७७ हजार. २१ हजारांत विमा आणि रजिस्ट्रेशन भागवून चांगलं हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज, बूट बसणं अवघड आहे. माझं स्पष्ट मत: ड्यूकच घ्यायची असेल तर बजेट वाढवा. सामानात काटछाट करून गाडी घेऊ नका.
विम्यात झिरो डेप (बदललेल्या भागांच्या किमतीतून घसारा न कापणारी पॉलिसी) घ्या. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरी या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. नेकेड (पुढे काच-कव्हर नसलेली) गाडी पडली की पहिलं जातं ते प्लास्टिकच: रेडिएटरच्या बाजूची कव्हरं, इंडिकेटर, टेल. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) एक्स शोरूमच्या ९५ टक्के लिहिलाय ना ते पाहा. हप्ता कमी दाखवायला तो खाली ओढतात.
आणि कोटेशनमध्ये "हँडलिंग", "लॉजिस्टिक" अशी ओळ दिसली तर ती कशासाठी आहे ते लेखी विचारा. बहुतेक वेळा ती ओळ निघते.

कासपठार :
विमा आणि कराचा विषय निघालाच आहे तर ३५० च्या आतलं काही का बघत नाही? २५० ड्यूक ३१ पीएस, २५ एनएमची आहे. थर्ड पार्टीचे पाच वर्षांचे ७,३६५, म्हणजे जीएसटी धरून नऊ हजारांचा फरक इथेच पडतो. अपाचे आरटीआर ३१० पण आहे, ३१२ सीसी, जीएसटी १८ टक्क्यांच्या गटात.

संगममाहुली :
आरटीआर ३१० पाहिली, बसायला आवडली नाही. २५० ला मागे माणूस बसवून पसरणी घाटात सारखे गियर पाडावे लागतील असं वाटतं. त्यामुळे या धाग्यापुरत्या दोनच ठेवूया. पावसाचं सांगा ना कासपठारभाऊ, तुमचा तो भाग.

कासपठार :
पावसात दोघींत जो फरक आहे तो पैसे देण्यासारखा आहे. ड्यूकला कॉर्नरिंग एबीएस (गाडी वाकलेली असतानाही काम करणारं) आणि गाडीचा कल ओळखणारं ट्रॅक्शन कंट्रोल (थ्रॉटल दिल्यावर मागचं चाक घसरू न देणारं) आहे. रेन मोडमध्ये थ्रॉटलचा प्रतिसाद मवाळ होतो. स्पीडला दोन्ही चाकांना साधं एबीएस आणि बंद करता येणारं ट्रॅक्शन कंट्रोल, पण दोन्हींना गाडी किती वाकलीय ते कळत नाही. सरळ रस्त्यावर ओल्यात ब्रेक मारला तर दोन्ही सारख्याच थांबतील. यवतेश्वरच्या ओल्या वळणात मध्येच म्हैस आली आणि वाकलेल्या गाडीवर ब्रेक धरला, तर ड्यूक तो दाब हळूहळू वाढवते आणि गाडी उभी होऊन वळणाबाहेर जाण्याची ओढ कमी राहते. स्पीडवर तेच काम हाताने करायचं: वळणाआधी ब्रेक संपवायचा, वळणात नुसता हलका मागचा.
ड्यूकमध्ये सुपरमोटो एबीएस नावाची सोय आहे. ती लावली की मागच्या चाकाचं एबीएस बंद होतं. पावसाळ्यात तिला हात लावू नका. घाटातून उतरताना मागचं चाक लॉक झालं की सावरायला रस्त्याची रुंदी लागते आणि कासच्या रस्त्याला ती नाही.
ड्यूकच्या क्विकशिफ्टरबद्दल (क्लच न दाबता गियर बदलायची सोय) एवढंच: शहरात कमी आरपीएमला तो झटका देतो, तिथे क्लच वापरा. घाट चढताना ५००० च्या पुढे तो छान चालतो.
एक गोष्ट दोन्ही गाड्यांना लागू. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला शेवाळ येतं आणि धुक्यात समोरचं वाहन एकदम पुढे उभं राहतं. एलईडीचा पांढरा प्रकाश धुक्यात परत डोळ्यांवर येतो. जादा पिवळे दिवे लावायचे असतील तर रिले आणि फ्यूज टाकून थेट बॅटरीवरून जोडा. टेललाइटच्या वायरला चिरा देऊन जोडले तर ती पातळ वायर तापते, आणि इलेक्ट्रॉनिक्स भरलेल्या गाडीत असा दोष शोधणं महाग पडतं.

नट_बोल्ट :
सगळ्यांनी चांगलं लिहिलंय. मेंटेनन्सचं राहिलंय, ते सविस्तर लिहितो. आपल्या भागात गाड्या कशाने खराब होतात ते ठरलेलं आहे.
पहिला नंबर फोर्क सीलचा. दोन्ही गाड्यांना ४३ मिमीचे उलटे फोर्क आहेत. उलट्या फोर्कमध्ये चकचकीत दांडा खाली, चाकाजवळ असतो आणि सीलही खालीच. ऊस हंगामात, दिवाळीच्या आसपासपासून मार्चपर्यंत, ट्रॉल्यांच्या चाकांनी शेतातली काळी माती रस्त्यावर येते. ती दांड्यावर उडते, वाळते, आणि पुढच्या खड्ड्यात दांडा वर गेला की सीलच्या ओठात घुसते. मग तेल झिरपतं. उलट्या फोर्कमधलं तेल सरळ खाली ब्रेक कॅलिपरवर उतरतं. पॅड तेलात भिजले की ते घासून परत वापरू नका, नवेच टाका, आणि डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा. उपाय साधा: संध्याकाळी ओल्या मऊ फडक्याने दांडे पुसा. वाळलेला चिखल नखाने किंवा कोरड्या कापडाने खरवडू नका. सील नुकतंच पाझरायला लागलं असेल तर पातळ, लवचिक प्लास्टिकची पट्टी सीलच्या ओठात घालून गोल फिरवली की बऱ्याचदा अडकलेला कण निघतो आणि गळती थांबते. थांबली नाही तर दोन्ही पायांची सीलं एकदम बदला.
दुसरं, कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतली बेअरिंग. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्यावर अडकल्यासारखी खाच लागली तर बेअरिंगला खड्डे पडलेत. कारण दोन: ब्रेक धरून खड्ड्यात जाणं, आणि प्रेशर वॉशरचा फवारा थेट हँडलखाली मारून ग्रीस धुऊन काढणं. वॉशिंग सेंटरवर सांगा की हँडलची मान, ॲक्सल आणि चेनवर जवळून फवारा नको.
चेन: ५०० किलोमीटरला एकदा, आणि पावसात भिजली तर त्याच दिवशी. रॉकेल आणि मऊ ब्रश, मग पुसून कोरडी, मग ९० नंबरचं गियर ऑइल आतल्या बाजूने, चाक फिरवत. पेट्रोलने धुऊ नका, चेनमधल्या रबरी रिंगा कडक होतात आणि आतलं ग्रीस निघून जातं. ताण किती ठेवायचा तो आकडा हँडबुकमध्ये आणि स्विंगआर्मजवळच्या स्टिकरवर असतो. चाक फिरवून चेन जिथे सगळ्यात ताठ लागेल तिथे मोजा. लोकांची सवय ताठ ठेवायची असते. मागे माणूस बसून शॉकअब दबला की चेन आणखी ताणली जाते आणि सगळा ताण गियरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर येतो. थोडी ढिली चेन आवाज करेल, ताठ चेन बेअरिंग खाईल.
इंजिन ऑइल हँडबुकमधल्याच ग्रेडचं, डब्यावर जेएएसओ एमए२ लिहिलेलं. दोन्हींना ओला, म्हणजे इंजिन ऑइलमध्येच चालणारा, क्लच आहे. कारचं ऑइल घातलं तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनाने क्लच घसरतो. कूलंट कमी झालं तर तयार मिसळलेलं कूलंटच घाला. आपल्या भागातलं बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये क्षार धरतं.
सर्व्हिसिंगचा खर्च म्हणाल तर स्पीडला पहिली सर्व्हिस १००० किलोमीटरला आणि नंतर १६,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. हा तिचा मोठा फायदा आहे. पण त्याचा अर्थ १६,००० पर्यंत गाडीकडे बघायचं नाही असा होत नाही. एअर फिल्टर ऊस हंगामानंतर उघडून पाहा, मग आकडा काहीही असो. आणि दोन्ही इंजिनांना व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हमधली बारीक फट) शिम, म्हणजे पातळ चकती, बदलून सेट होतो, स्क्रू फिरवून नाही. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडून हे काम करून घेऊ नका.

घाटवाट :
नट_बोल्ट, फार उपयोगी. एक जोडतो: गाडी ठरवण्याआधी दोन्ही वर्कशॉपच्या पार्ट काउंटरवर जाऊन पाच गोष्टी विचारा. पुढचे ब्रेक पॅड, क्लच केबल, क्लच लिव्हर, ऑइल फिल्टर, एक इंडिकेटर. "आत्ता आहे का आणि किती रुपये" एवढंच. तीन गोष्टींना "मागवावं लागेल, चार-आठ दिवस" असं उत्तर आलं तर रोजच्या गाडीसाठी ते वजनदार कारण आहे.

संगममाहुली :
हे करतो. टेस्ट राइड कशी घ्यायची? शोरूमवाले फार तर दोन चौक फिरवून आणतात.

घाटवाट :
फोन करून आधीच सांगा की घाट चढवून बघायचाय. बुधवार-गुरुवारी सकाळी शोरूम रिकामं असतं, तेव्हा जा. आपल्याकडे समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा चढ जवळ आहे, वीस मिनिटांत जाऊन येऊन होतं. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, लागोपाठ, बायकोला मागे बसवून. निघायच्या आधी हवा स्वतः मोजा. डेमो गाडीत हवा हमखास कमी-जास्त असते आणि सस्पेन्शनचा सगळा अंदाज चुकतो.
गर्दीत: दुसऱ्या गियरमध्ये थ्रॉटल पूर्ण बंद करून गाडी आपल्याआपण चालू द्या, मग अगदी थोडा उघडा. झटका बसतो का पाहा. तो झटका रोज पोवई नाक्यावर बसणार आहे. सिग्नलला पंखा सुरू होईपर्यंत थांबा आणि गरम हवा पायावर कुठे येते ते बघा.
चढावर: तिसऱ्यात पस्तीस, थ्रॉटल पाव उघडा. गाडी ओढते की ठोकते? मग दुसऱ्यात टाकून तेच वळण पुन्हा. मुद्दा असा की तुमचा हात कोणत्या गियरमध्ये सुखी आहे हे कळलं पाहिजे. आरपीएम चढवत चालवणं आवडलं तर ड्यूक, गियर न बदलता ओढत जाणं आवडलं तर स्पीड.
उतारावर: इंजिन ब्रेकिंग आणि पुढचा ब्रेक एका बोटाने. ड्यूकचा पुढचा ब्रेक जास्त धारदार आहे, नवीन माणसाने सरळ रस्त्यावर आधी अंदाज घ्यावा.
हायवेला मोटारसायकलची मर्यादा ८० आहे, तेवढ्यावर सहाव्यात धरून आरसे बघा. आरशात मागचा ट्रक स्पष्ट दिसला पाहिजे. दोन्ही गाड्यांना पुढे काच नाही, ऐंशीच्या वर तासभर वारा छातीवर घेणं ही नेकेड गाडीची किंमतच आहे.

वाळवा_एक्स्प्रेस :
पेट्रोलचं कोणी लिहिलं नाही. दोन्ही २५ ते २८ देतात, हातावर अवलंबून. २६ धरून आणि दोन लिटर शिल्लक ठेवून ड्यूक ३३८ किलोमीटर जाते, स्पीड २८६. सातारा–कोल्हापूर जाऊन येऊन अडीचशेच्या आत होतं, म्हणजे दोन्ही एका टाकीत करतात.
माझं मत तुमच्या वापरापुरतं स्पीडकडे आहे: रोजची गर्दी, मागे बायको, आणि बजेट. एकटेच घाटात जास्त जाणार असता तर ड्यूक म्हटलं असतं.

घाटवाट :
मी अजूनही ड्यूकच म्हणेन. कॉर्नरिंग एबीएस नंतर विकत घेऊन बसवता येत नाही, सीट आणि हँडल बदलता येतात. फक्त मिरज_जंक्शन यांचा हिशेब मान्य, वरचे पैसे तयार असले तरच.

संगममाहुली :
दोन्ही शोरूमला येत्या आठवड्यात जातो, बायकोला घेऊन. शेवटचं एक विचारतो: गाडी ताब्यात घेताना काय बघायचं, आणि पहिले १००० किलोमीटर कसे चालवायचे?

नट_बोल्ट :
पैसे पूर्ण भरायच्या आणि पासिंगला पाठवायच्या आधी गाडी बघायला मागा. चासी नंबर आणि इंजिन नंबर बिलाशी जुळवा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. दोन्ही टायरांचे जवळपासचे हवेत. मॉडेल कोणत्या वर्षाचं आहे ते विचारा. स्पीड असेल तर टायरवर ११०/८० आणि १५०/७० लिहिलंय ना बघा, जुन्या साठ्यातली गाडी असेल तर इथेच कळते. बॅटरीचा व्होल्टेज गाडी बंद असताना साडेबाराच्या खाली असेल तर चार्ज करून द्यायला सांगा. फोर्कचे दांडे बोटाने पुसून तेलाचा थर येतो का पाहा. डिस्कवर गंजाचा पातळ थर असतो, तो पहिल्या चार ब्रेकात जातो, त्याला घाबरू नका. हँडल दोन्ही टोकांना वळवून क्लच केबल आणि वायरी ताणत नाहीत ना पाहा. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागून, गाडी हलल्यावर विझला पाहिजे.
पहिल्या हजारात एकाच वेगाने लांब हायवे पकडू नका. आरपीएम सतत बदलता राहू द्या आणि हँडबुकमधली मर्यादा पाळा. वरच्या गियरमध्ये कमी आरपीएमला जोर लावणंही तेवढंच वाईट, सिलिंडर आणि रिंगा नीट बसत नाहीत. पहिले शंभर किलोमीटर टायरवर साच्याचा गुळगुळीत थर असतो आणि ब्रेक पॅडही बसायचे असतात, त्यामुळे ओल्या वळणात गाडी वाकवू नका आणि ब्रेक हळूहळू वाढवत धरा. चेन पहिल्या पाचशेतच सगळ्यात जास्त सैल होते, मध्ये एकदा ताण तपासून घ्या. हजारच्या सर्व्हिसला ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलल्याचं बिलावर लिहून घ्या, आणि मागच्या ॲक्सलचा नट टॉर्क रेंचने आवळायला समोर उभं राहून सांगा.